व्हायब्रेशन मशीनवर चढण्याआधी: पाळी गेल्यानंतरची हाडं आणि कंपनाचा व्यायाम

मावशीच्या व्हायब्रेशन मशीनवर, म्हणजे वर उभं राहायच्या कंपणाऱ्या प्लेटवर, १ ते ९९ असे आकडे होते. ९९ म्हणजे नेमकं काय, हे तिला ठाऊक नव्हतं आणि प्रदर्शनात ते विकणाऱ्या मुलालाही नव्हतं. "आकडा जितका मोठा, तितकं हाड घट्ट," असं त्यानं सांगितलं म्हणे. मावशीचं वय ६१, पाळी जाऊन १३ वर्षं झालेली, डेक्सा (हाडांची घनता मोजणारा स्कॅन) रिपोर्टवर कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण वयाच्या घनतेशी तुलना करणारा आकडा, उणे २.२. शिरोड्याहून तिचा फोन आला, "अगो, हे ५० वर चढवू काय?"

मी फिजिओथेरपिस्ट आहे, गोव्यात फोंड्याला बसते. हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतोच. माझं उत्तर आधीच सांगून टाकते. हाड वाढवणारं यंत्र म्हणून हे घेऊ नका. पायांची ताकद आणि तोल टिकवायला मात्र ते कामाला येतं, पण नीट मोजून वापरलं तरच. घरात आधीच आलं असेल, किंवा जिममध्ये असेल, तर ते कसं वापरायचं ते आता सविस्तर.

कंपनानं हाडाला काय कळतं

रायबंदरहून चोडणला जाताना फेरीबोटीत इंजिनाच्या बाजूला उभं राहून बघा. तळपायातून शिरलेली थरथर पोटऱ्यांपर्यंत जाणवते आणि आपण नकळत गुडघे थोडे सैल सोडतो. व्हायब्रेशन प्लेट हेच करते, फक्त वेग आणि जोर ठरवून.

हाडाच्या आत ऑस्टिओसाइट नावाच्या पेशी असतात. हाडावर ताण आला की त्यांना तो जाणवतो, आणि हाड कुठे भरायचं, कुठे काढायचं याचे निरोप त्या पाठवतात. पाळी थांबली की इस्ट्रोजेन घटतं आणि हाड काढणाऱ्या पेशी मोकाट सुटतात. पहिल्या पाच-सात वर्षांत हाडांची झीज सगळ्यात वेगानं होते. बाहेरून ताण दिला तर भरणारी बाजू जागी होईल, ही यामागची कल्पना.

कल्पना पोकळ नाही. २००१ मध्ये क्लिंटन रुबिन आणि सहकाऱ्यांनी मेंढ्यांना वर्षभर रोज २० मिनिटं अगदी हलक्या कंपनावर उभं केलं, आणि त्यांच्या मांडीच्या वरच्या हाडातला जाळीदार भाग ३४ टक्क्यांनी दाट झाला. जाहिरातींमध्ये हाच आकडा फिरत असतो. फक्त तो मेंढ्यांचा आहे, हे सांगायचं राहून जातं.

बायकांवरचे निकाल असे गोड नाहीत. बेल्जियममध्ये २००४ साली ५८ ते ७४ वयाच्या ७० बायकांवर सहा महिने अभ्यास झाला. जोरदार प्लेटवर व्यायाम करणाऱ्या गटात खुब्याची घनता ०.९३ टक्के वाढली, मणक्यांची नाही. २००६ साली स्पेनमध्ये २८ बायकांचा छोटा अभ्यास झाला. आठ महिने आठवड्यातून तीनदा प्लेटवर उभं राहणाऱ्यांची खुब्याच्या मानेची घनता चालणाऱ्यांपेक्षा ४.३ टक्के सरस निघाली, तोलही सुधारला. मग मोठे अभ्यास आले. टोरांटोत २०२ बायकांवर वर्षभर अभ्यास झाला, त्यातले दोन गट रोज २० मिनिटं हलक्या कंपनावर उभे राहिले. २०११ साली निकाल आला आणि हाडात काहीच फरक नव्हता. हाँगकाँगमध्ये तर ६० च्या पुढच्या ७१० बायकांवर दीड वर्ष अभ्यास झाला, त्यातल्या साधारण निम्म्या आठवड्यातून पाच दिवस प्लेटवर उभ्या राहिल्या. त्यांचीही घनता तशीच राहिली, पण पडण्याचं किंवा हाड मोडण्याचं प्रमाण प्लेटवाल्या गटात १८.६ टक्के आणि दुसऱ्या गटात २८.७ टक्के होतं. पायांची ताकदही वाढली होती.

माझ्या लेखी हा शेवटचा निकाल सगळ्यात मोलाचा. खुब्याचं हाड बहुतेक वेळा पडूनच मोडतं. बाई पडलीच नाही तर अर्धं काम झालं.

आधी तुमचा रिपोर्ट

डेक्सा स्कॅन झाला नसेल तर मशीनचं बटण दाबू नका. टी-स्कोअर उणे १ किंवा त्याच्या वर असेल तर हाड ठीक. उणे १ ते उणे २.५ च्या मधे म्हणजे घनता कमी, आणि उणे २.५ किंवा त्याहून खाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ होण्याचा आजार. मणके आणि खुबा दोन्ही हवेत, एकावर भागवू नका. देवळाच्या मंडपात किंवा सोसायटीत फुकट शिबिरं भरतात, तिथं बहुधा टाच एका छोट्या यंत्रात ठेवून अल्ट्रासाउंडनं तपासतात. त्यात काही खोट नाही, पण ती चाळणी झाली, निदान नव्हे. टाचेच्या त्या चिठ्ठीवर गोळ्या सुरू करू नयेत आणि बंदही करू नयेत.

उंची दोन-तीन सेंटिमीटरनं घटली असेल, पाठीला बाक येऊ लागला असेल किंवा काही कारण नसताना पाठीत कळ येऊन महिनाभर राहिली असेल, तर मणक्यांचा एक्स-रेही काढून घ्या. मणका चेपला गेलाय आणि बाई "वायूचं दुखणं" म्हणून तेल चोळतेय, असं मी पाहिलंय, एकदा नव्हे. अशा पाठीवर जोरदार कंपन नको.

आणखी कुणी चढू नये? पेसमेकर असलेल्यांनी, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झालेल्यांनी, मुतखडा किंवा पित्ताशयात खडे असलेल्यांनी, फिट येणाऱ्यांनी, डोळ्याचा पडदा सुटलेल्यांनी किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेल्यांनी. गुडघा किंवा खुबा बदललेला असेल, मणक्याची गादी नुकतीच सरकली असेल, चक्कर येत असेल, किंवा मधुमेहानं तळपाय बधिर झाले असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. आपल्याकडे मधुमेह घरोघरी आहे, म्हणून ही शेवटची गोष्ट विशेष. कापसाच्या बोळ्याचा स्पर्श डोळे मिटून तळपायाला कळत नसेल तर प्लेट बंद.

टिकली आणि फूटपट्टी

आता मशीन. दोन प्रकार असतात. एकात अख्खी प्लेट सरळ वर-खाली होते. दुसऱ्यात ती झोपाळ्याच्या फळीसारखी कलते, डावा पाय वर तेव्हा उजवा खाली. घरगुती स्वस्त मशीन बहुतेक दुसऱ्या प्रकारची. यात पाय मध्याजवळ ठेवले तर हालचाल कमी आणि फाकवून ठेवले तर जास्त, म्हणून आकडा न बदलताही जोर बदलता येतो. हे दुकानदार सांगत नाहीत.

तुम्हाला दोन गोष्टी कळायला हव्यात. प्लेट सेकंदाला किती वेळा हलते, म्हणजे हर्ट्झ, आणि दर वेळी किती मिलिमीटर हलते. पत्रकावर नसेल तर घरी मोजता येतं. प्लेटच्या कडेला, तुमचा पाय जिथे असतो त्याच्या रेषेत, एक मोठी टिकली चिकटवा. मागे शाळेतली फूटपट्टी उभी धरा, ती मशीनला टेकता कामा नये. घरातल्या कुणाला तरी प्लेटवर उभं करा, कारण रिकाम्या मशीनचा आकडा फसवतो. मग मोबाइल हातात किंवा स्टूलवर ठेवून स्लो मोशन व्हिडिओ काढा. सेकंदाला २४० चित्रं घेणारा कॅमेरा बऱ्याच फोनमध्ये असतो. टिकली खालून वर जाऊन परत खाली येईपर्यंत किती चित्रं लागली ते एकेक पुढे सरकवून मोजा आणि २४० ला त्या संख्येनं भागा. २० चित्रं लागली तर १२ हर्ट्झ. फोन कंपणाऱ्या प्लेटवर ठेवून ॲपनं मोजायचा मोह होईल, पण कॅमेऱ्याची नाजूक यंत्रणा बिघडू शकते. फोन प्लेटपासून लांबच बरा.

फूटपट्टीवर टिकली एकंदर किती मिलिमीटर सरकते ते बघून त्याचं निम्मं करा. मग हिशेब: हर्ट्झ गुणिले हर्ट्झ गुणिले ते निम्मे मिलिमीटर, भागिले २५०. जे उत्तर येईल तो साधारण जोर, गुरुत्वाकर्षणाच्या पटीत, 'जी' मध्ये. १२ हर्ट्झ आणि निम्मी चाल ३ मिलिमीटर असेल तर १.७ जी. सरळ वर-खाली होणारं मशीन ३० हर्ट्झवर फक्त १ मिलिमीटर निम्म्या चालीनं हललं तरी ३.६ जी! वेग दुप्पट केला की जोर चौपट होतो, हे डोक्यात पक्कं बसवा. टोरांटो आणि हाँगकाँगमध्ये वापरलेला जोर ०.३ जी होता. ३० हर्ट्झला तेवढा जोर म्हणजे प्लेट एक-दोन केसांच्या जाडीइतकीच हलते, डोळ्याला दिसतही नाही. म्हणून त्या दोन मोठ्या अभ्यासांतलं मशीन आणि तुमच्या खोलीतलं मशीन ही दोन वेगळी जनावरं आहेत.

मावशीचं मशीन ९९ वर १२ हर्ट्झच्या आसपास निघालं. ५० वर सात. शरीराची, विशेषतः कण्याची, स्वतःची नैसर्गिक थरथर ४ ते ६ हर्ट्झच्या दरम्यान असते, आणि बाहेरचं कंपन त्याच्या जवळ गेलं की धक्का वाढतो, झोपाळ्याला नेमक्या वेळी दिलेल्या ढकलीसारखा. त्यामुळे "हळू आकड्यापासून सुरुवात करते" हा शहाणपणा इथे उलटा पडतो. कलत्या प्लेटवर १० हर्ट्झच्या खाली रेंगाळू नका. वेग तेवढा ठेवा, पाय मध्याजवळ आणून जोर कमी करा.

उभं कसं राहायचं

अनवाणी किंवा पातळ तळव्याच्या चपलेनं. मोजे नकोत, घसरतात. पावसाळ्यात पाय आणि प्लेट दोन्ही कोरडी पुसून घ्या. मशीन सपाट जमिनीवर हवं. जुन्या घराच्या लाकडी माडीवर ठेवलंत तर अर्धं कंपन वाशांना जाईल. फ्लॅटमध्ये असाल तर खाली जाड रबराची चटई, नाहीतर खालच्या मजल्यावरच्या वहिनी वर येतीलच. वीज जाण्याचा भरवसा नाही, मधेच मशीन थांबलं तर झोक जातो, म्हणून पहिले काही आठवडे एक हात खिडकीच्या गजाला किंवा जड टेबलाला.

गुडघे कधीही ताठ नकोत. थोडे वाकवून, जणू खुर्चीत बसायला निघालात आणि मधेच कुणी हाक मारली. वजन तळव्यांच्या पुढच्या भागाकडे थोडं जास्त, टाचा टेकलेल्या, पाठ सरळ, जबडा सैल. मग तोंड उघडून "आ" लांबवून म्हणा. आवाज थरथरला तर कंपन डोक्यापर्यंत पोचतंय, गुडघे आणखी वाकवा. नजर धूसर झाली, दात वाजले किंवा कानात गुंगी आली तरी तेच. माझ्याकडे बायका आधी यावर हसतात, पण तपासणी हमखास आहे.

बारा आठवडे

आठवड्यातून तीन दिवस, मधे एक दिवस सोडून. पहिल्या दोन आठवड्यांत पाच फेऱ्या, प्रत्येकी ३० सेकंद, मधे एक मिनिट खाली उतरून उभं राहणं. एवढंच. पोटऱ्यांना खाज सुटली तर घाबरू नका, रक्त धावू लागल्याचं ते लक्षण, चार-पाच वेळांत जातं. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला किंवा पाठ दुखली तर मात्र आठवडाभर सुट्टी, आणि पुन्हा सुरू करताना पाय आणखी मध्याजवळ.

तिसऱ्या आठवड्यापासून एकेक मिनिटाच्या सहा फेऱ्या. स्पेनमधल्या बायका साधारण एवढंच करत होत्या. पाचव्यापासून नुसतं उभं राहणं बंद करून प्लेटवर काम सुरू करायचं: एका फेरीत सावकाश अर्धी बैठक, दुसरीत टाचा उचलून चवड्यांवर, तिसरीत वजन एका पायावरून दुसऱ्यावर. आठव्यापासून हात सोडायचे, पण आधार हाताच्या अंतरावर असू दे. दहाव्यापासून एक फेरी एका पायावर, दुसऱ्याची बोटं नुसती टेकलेली. सलग दहा मिनिटांच्या पुढे जाण्यात मला काही अर्थ दिसत नाही. जास्त केलं म्हणून जास्त मिळतं, असं इथे नाही.

खरं काम जमिनीवर

हा भाग वाचायचा कंटाळा करू नका, कारण हाडाचं खरं खाणं इथे आहे. ऑस्ट्रेलियात कमी घनतेच्या १०१ बायकांवर झालेला अभ्यास २०१८ साली आला. आठवड्यातून दोनदा, फक्त अर्धा तास, पण देखरेखीखाली भारी वजन उचलणं आणि जमिनीवर जोरात उतरणं. आठ महिन्यांत कमरेच्या मणक्यांची घनता २.९ टक्के वाढली, तर घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्के घटली. प्लेटच्या कुठल्याही मोठ्या अभ्यासात मणक्यांचा असा निकाल मला दिसलेला नाही.

भारी म्हणजे खरंच भारी, पाच वेळा उचलल्यावर सहाव्याला नको वाटेल इतकं. ते एकटीनं घरी सुरू करायचं नाही. जवळचा फिजिओ किंवा समजूतदार प्रशिक्षक गाठा. तोवर घरी एवढं चालेल: पाच किलो तांदळाची पिशवी छातीशी धरून खुर्चीतून उठणं-बसणं, आठ वेळा, तीनदा. दोन आठवड्यांनी सोपं वाटलं तर वजन वाढवा. उचलताना कंबरेत वाकायचं नाही, खुबे मागे न्यायचे. आदोळीवर वाकून नारळ खवण्याची ती पाठ इथे चालत नाही. ऑस्टिओपोरोसिस असेल तर पुढे वाकून पायाचे अंगठे धरणारी आसनंही सोडून द्या, मग योगाच्या बाई काहीही म्हणोत.

आणि फुगडी. चवथीला आपल्या बायका जी फुगडी घालतात त्यात उड्या आहेत, पाय आपटणं आहे, दिशा बदलणं आहे. हाडाला असंच अचानक, वेगळ्या दिशेनं आलेलं ओझं आवडतं. पण पन्नाशी आली की "आता काय वय आहे" म्हणून बाई कडेला बसून टाळ्या वाजवते. टी-स्कोअर उणे २.५ च्या वर असेल, गुडघे बरे असतील, तर कडेला बसू नका, आणि वर्षातून एकदाच नको. मावशीनं आठवड्यातून दोनदा शेजारणींबरोबर दहा मिनिटं सुरू केली, बल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत. पहिल्या दिवशी तिघी होत्या.

ताट आणि गोळ्या, थोडक्यात

पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं, असं आयसीएमआरनं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं) २०२० मध्ये सांगितलंय. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५०, पाव लिटर दुधात ३०० च्या आसपास. काट्यासकट खाल्लेली छोटी तारली, गालमो (बारीक सुकी कोळंबी), तांबडी भाजी, तीळ हे सगळं आपल्या ताटातलंच. सुक्या मासळीतलं मीठ मात्र रक्तदाबवाल्यांनी सांभाळावं. गोळी लागलीच तर एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. ड जीवनसत्त्व रक्तात तपासून घ्या. समुद्रकिनारी राहतो म्हणून ते भरपूर असेल, हा भ्रम आहे, दिवसभर घरात आणि बाहेर पडलं की छत्री. डॉक्टरांनी हाडांचं औषध किंवा वर्षाचं इंजेक्शन दिलं असेल तर मशीन आलं म्हणून ते बंद करायचं नाही.

फरक पडला हे कसं ओळखायचं

तीन महिन्यांनी डेक्सा काढू नका, पैसे फुकट जातील. हाड एका जागी काढून पुन्हा भरायलाच चार-सहा महिने लागतात, आणि स्कॅनमध्ये तीन ते पाच टक्क्यांचा फरक नुसत्या मोजण्याच्या चुकीत बसू शकतो. म्हणजे बेल्जियममधली ०.९३ टक्के वाढ एकट्या बाईच्या रिपोर्टवर दिसणारच नाही. एक-दोन वर्षांनी, त्याच ठिकाणी, त्याच मशीनवर.

महिन्याला घरी दोन मापं घ्या आणि कॅलेंडरवर लिहा. हात छातीवर आडवे ठेवून ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा पूर्ण उठता येतं. ६० ते ६४ वयाला १२ पेक्षा कमी, ६५ ते ६९ ला ११ पेक्षा कमी, ७० ते ७४ ला १० पेक्षा कमी असेल तर पडण्याचा धोका जास्त. दुसरं, एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवून, एका रेषेत, दहा सेकंद न डगमगता उभं राहता येतं का.

मावशीची पहिली मोजणी ९ होती. बारा आठवड्यांनी १३ झाली. यात मशीनचा वाटा किती, तांदळाच्या पिशवीचा किती आणि फुगडीचा किती, ते वेगळं काढता येणार नाही. पण त्या काळात तिच्याकडे आणखी एक काम उरकून घेतलं. मागच्या दारी विहिरीकडे उतरणाऱ्या चिऱ्यांच्या पाच पायऱ्या, जूनमध्ये हिरव्यागार होतात, न्हाणीतून ओल्या पायानं ती तिथूनच जाते. मे संपायच्या आत त्या घासून घेतल्या, आणि एका बाजूला लोखंडी कठडा बसवला.